एक गुंडा राखीव

नर्सबाईंनी पिशवीतून अर्धी विणलेली बाही काढून काउंटरवर ठेवली. त्या तोंड उघडणार एवढ्यात धाकटीने मागच्या फळीवरून राखाडी लोकरीचा एक गुंडा उचलून त्यांच्यासमोर ठेवला.

"हाच ना? लॉट चारशे सतरा."

नर्सबाईंनी गुंड्यावरची कागदी पट्टी वाचली. मग पर्समधून आपली जुनी, चुरगळलेली पट्टी काढून शेजारी धरली. आकडा तोच. लोकर कमी पडणार हे त्यांना स्वतःला तासाभरापूर्वी कळलं होतं, ड्यूटी संपवून बसस्टॉपवर विणत बसल्या होत्या तेव्हा. आणि इथे गुंडा चिठ्ठी लावून तयार. चिठ्ठीवर सकाळची वेळ.

"मी तर अजून कुणाला सांगितलंही नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कसं कळलं?"

"ताईने बाजूला ठेवायला सांगितलं होतं."

बोलून गेल्यावर धाकटीने जीभ चावली, पण आता काय उपयोग? मोठीचे शेवटचे चार दिवस ज्या वॉर्डात गेले, त्याच वॉर्डात या बाई कामाला होत्या. मोठीच्या नाकातली नळी त्यांनीच काढली होती, पांघरूण त्यांनीच वर ओढलं होतं आणि बाहेर येऊन धाकटीच्या खांद्यावर हात ठेवून जे सांगायचं तेही त्यांनीच सांगितलं होतं. त्याला आठ महिने होऊन गेले. नर्सबाईंनी फोनवरून पैसे दिले, बाही पिशवीत कोंबली आणि पावती न घेताच निघाल्या. दारात मात्र त्या थांबल्या आणि काउंटरमागच्या रिकाम्या खुर्चीकडे त्यांनी एकदा पाहिलंच.

या दोघी बहिणींना बाजारात कुणी नावाने हाक मारल्याचं कुणाला आठवत नाही. एक मोठी, दुसरी धाकटी, संपलं. धाकटी अठ्ठावन्न वर्षांची झाली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी ती आपली धाकटीच. दुकान एवढंसं, दोन माणसं आत आली की तिसऱ्याने पायरीवर उभं राहावं. पण तिन्ही भिंती छतापर्यंत लोकरीने भरलेल्या. मोठीचा नवरा लवकर गेला, पदरात एक मुलगी. धाकटीचं लग्न जमलं नाही ते नाहीच जमलं. मग दोघींनी मिळून हे दुकान टाकलं, त्यालाही एकतीस वर्षं झाली. कामाची वाटणी आपोआप झाली होती. मोठीने मोजायचं आणि धाकटीने बोलायचं.

लोकरीच्या धंद्यात एक मोठी मेख असते. रंगाचं नाव तेच असलं तरी दर खेपेला रंगवताना तो सुताइतका बदलतो, म्हणून प्रत्येक गुंड्यावर लॉटचा नंबर असतो. अंग एका लॉटचं आणि बाही दुसऱ्या लॉटची केली, तर दुकानाच्या दिव्याखाली काही कळत नाही, पण उन्हात गेलं की लगेच डोळ्यावर येतं. त्यामुळे स्वेटरला लागणारे सगळे गुंडे एकदमच घ्यावे लागतात. आणि किती लागणार, हे सांगायचं काम दुकानदाराचं.

मोठीला विचारलं, की ती आधी माणसाला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळायची, छातीचं माप विचारायची आणि म्हणायची, "सात." त्यावर अपील नाही. धाकटीचं तसं नव्हतं. तिला गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर किमतीची काळजी दिसली, की तिचा जीव गलबलायचा. "सात कशाला घेताय? सहा पुरतील. उगाच घरात पडून राहतो तो सातवा," असं ती सांगायची, आणि गिऱ्हाईक खूश होऊन जायचं. आपण कुणाला पिळत नाही याचा धाकटीला अभिमान होता. आयुष्यात अभिमान वाटावा अशा फार गोष्टी तिच्या वाट्याला आल्या नव्हत्या. ही एक होती, आणि ती तिने जपली होती.

फोनवर पैसे घेण्याची सेवा मोठीने चार वर्षांपूर्वी आणली. धाकटीला वाटलं होतं, पैसे आले की टिंग वाजतं, झालं. पण त्यात छोट्या दुकानदारांसाठी मालाचं एक पान होतं आणि मोठी त्या पानावर अशी काही तुटून पडली की विचारू नका. अकरा दिवस ती स्टुलावर चढून एकेक गुंडा मोजत होती आणि रंग, लॉट, संख्या फोनमध्ये भरत होती. विकलं की फोन विचारायचा, कोण विकतंय? खाली दोन नावं, मोठी आणि धाकटी, दोन फोटो. आपल्या नावावर बोट ठेवलं की मालातून तेवढे गुंडे वजा. एखादा गुंडा कुणासाठी बाजूला ठेवायचा असेल, तर त्याला 'राखीव' म्हणायची सोय होती. धाकटी म्हणाली होती, हे तर ताई तू डोक्यात करतेसच. मोठी म्हणाली होती, "डोकं काय कायमचं राहतं का?" एवढं बोलून ती पुन्हा स्टुलावर चढली होती.

मोठी गेल्यावर धाकटीने पंधरा दिवसांनी दुकान उघडलं. खरं सांगायचं तर घरात बसवत नव्हतं म्हणून उघडलं. आल्याआल्या तिने एका स्वेटरची लोकर विकली, धाकटी या नावावर बोट ठेवलं, आणि विसरून गेली. नवव्या दिवशी सकाळी ती कुलूप काढून आत येते तोच फोन वाजला. तिने पाहिलं. लिहिलं होतं: राखीव. मोरपंखी, लॉट दोनशे नव्वद, एक गुंडा. ठेवणार: मोठी.

शेजारी मोठीचा फोटो. ओठ मिटलेले, नजर थेट.

धाकटी कितीतरी वेळ फोन हातात धरून दारातच उभी होती. मग तिने स्वतःची समजूत घातली, की यंत्र आहे, जुनं काहीतरी अडकलं असेल, आता बाहेर पडलं. तरी सवयीने तिने मोरपंखी गुंडा शोधून काढला, चिठ्ठी लावली आणि मागच्या फळीवर ठेवला. मोठीने सांगितलेलं तिने आजवर टाळलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी एक शिक्षिका आली, हातात मोरपंखी पाठ आणि पुढा, चेहरा पडलेला. एक गुंडा कमी पडला होता. लॉट दोनशे नव्वद.

मग हे होतच राहिलं. आठवड्यातून कधी एकदा, कधी तीनदा. सकाळी फोन वाजायचा, मोठी सांगायची, धाकटी ठेवायची आणि चार-दोन दिवसांत कुणीतरी पडलेल्या चेहऱ्याने पायरी चढायचं. कुणाला काय कमी पडणार हे त्या माणसाला कळायच्या आधी मोठीला कळत होतं. जिवंतपणीही तिचं असंच होतं म्हणा. गिऱ्हाईक परत आलं, की मोठी न बोलता नेमका गुंडा काढून द्यायची आणि धाकटी कौतुकाने सगळ्यांना सांगायची, आमच्या ताईचा हात बघा कसा आहे. पण जिवंत माणसाचं कौतुक वेगळं. पहिला महिना धाकटी त्या आवाजासरशी दचकायची. एकदा तर तिने फोन लोकरीच्या ढिगात खोल खुपसून ठेवला, तिथूनही तो वाजलाच.

शेजारच्या घड्याळवाल्याला तिने हे सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला. "मोठीला तिकडेही चैन पडत नाही म्हणा की," तो म्हणाला. पुढे त्याच्याच नातवाच्या स्वेटरसाठी त्याने धाकटीकडून चार गुंडे नेले, पिवळे. अकराव्या दिवशी बायकोने पाठवलं म्हणून तो एक गुंडा मागायला आला, तर फळीवर पिवळा गुंडा चिठ्ठीसकट हजर. त्यानंतर त्याने कधी थट्टा केली नाही. दुकानात आला तर त्या रिकाम्या खुर्चीवर बसायचा नाही, उभ्याउभ्याच बोलायचा.

हळूहळू भीती कमी झाली आणि तिच्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलं. धाकटी सकाळी लवकर यायला लागली. फोन वाजला नाही तर तिला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. वाजला की ती म्हणायची, "हो ताई, ठेवते," आणि दिवस सुरू व्हायचा. घरी तिच्याशी बोलायला कुणी नव्हतं. इथे निदान दिवसाआड कुणी तरी तिला काम सांगत होतं.

आणि अशात तो संदेश आला. सेवा चालवणाऱ्या कंपनीने सगळ्या दुकानदारांना पाठवला होता. विक्री करणाऱ्या प्रत्येक माणसाने महिनाअखेरपर्यंत आपली ओळख पटवावी. कॅमेऱ्यात पाहायचं, सांगितलं की पापण्या मिटायच्या, बस. जो माणूस आता दुकानात नाही त्याचं नाव काढून टाकावं. दोन्हींपैकी काही केलं नाही, तर पैसे घेणं बंद होईल. आजकाल नोटा घेऊन लोकर घ्यायला कोण येतं? पैसे घेणं बंद म्हणजे दुकान बंद.

धाकटीने मोठीच्या मुलीला फोन केला. ही भाची दुसऱ्या शहरात नोकरीला, दोन मुलं, नेहमी घाईत.

भाची म्हणाली, यात विचारायचं काय, आईचं नाव काढून टाक. धाकटीने मुलांच्या शाळेचं विचारलं. भाचीने पुन्हा विचारलं तेव्हा तिने सगळं सांगून टाकलं, मोरपंखीपासून नर्सबाईंपर्यंत.

"मावशी," भाची म्हणाली, आणि तिचा आवाज जपून बोलल्यासारखा होता. "तू एकटी पडलीयेस गं. दुकान देऊन टाक कुणाला तरी. माझ्याकडे ये."

"मला वेड लागलेलं नाही."

"मी तसं म्हटलं का?"

म्हटलं नव्हतं, पण मनात होतं ते धाकटीला स्वच्छ ऐकू आलं. तिला रागही आला आणि रडूही. दुकान देऊन टाकायचं आणि भाचीच्या घरी कोपऱ्यातल्या पलंगावर बसून दोन मुलांची शाळेतून यायची वाट पाहायची. आणि इकडे मोठी कुणाला सांगणार, की अमुक गुंडा बाजूला ठेव?

दोन दिवस तिने नुसते काढले. तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानात कुणी नसताना तिने कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. एक मुलगी बोलली, आवाज कोवळा, सर्दी झालेला. धाकटीने तिला बहीण वारल्याचं सांगितलं नाही. एवढंच विचारलं, की मोठी या नावाने जे गुंडे राखीव होतात ते कोण करतं?

मुलीने थांबायला सांगितलं. मग म्हणाली, "मॅडम, ते कुणी करत नाही. तो नियम आहे. चार वर्षांपूर्वी मोठी यांनी तयार केलेला. आपोआप चालतो."

"नियम म्हणजे?"

"म्हणजे अमुक झालं की तमुक करायचं, असं त्यांनी यंत्राला सांगून ठेवलंय. वाचून दाखवू?" मुलगी नाक ओढत वाचायला लागली. "धाकटी या नावावर तीनपेक्षा जास्त गुंडे विकले गेले, तर नऊ दिवसांनी त्याच लॉटचा एक गुंडा राखीव ठेवावा. महिनाभरात कुणी नेला नाही, तर सोडावा. नियमाचं नाव आहे, धाकटीची तूट."

धाकटीला आधी काही कळलंच नाही. तिने विचारलं, मोठीने विकलं तर? मुलगी म्हणाली, मोठी यांच्या विक्रीला असा काही नियम नाही, फक्त धाकटी यांच्या. मग ती म्हणाली, खाली एक टीप पण आहे.

"काय टीप?"

"तिला सांगू नये."

धाकटीने फोन ठेवला. भूत नव्हतं, चमत्कार नव्हता. आठ महिने पडलेल्या चेहऱ्याने जी माणसं पायरी चढत होती, ती सगळी तिची स्वतःची गिऱ्हाइकं होती. शिक्षिका, घड्याळवाला, नर्सबाई, प्रत्येकाला तिनेच एक कमी दिला होता. सहा पुरतील म्हणून. पाच पुरतील म्हणून. त्यांची पाठ आणि पुढा नऊ दिवसांत विणून व्हायचा आणि बाहीवर आल्यावर लोकर संपायची. आणि चार वर्षं तरी कशाला? फोन यायच्या आधी सत्तावीस वर्षं हेच चाललं असणार. मोठी रोज सकाळी आठला दुकान उघडायची, धाकटी घरचं आटपून अकराला यायची. त्या तीन तासांत मोठी आदल्या दिवसांची विक्री बघून एकेक गुंडा काढून लपवत असणार. गिऱ्हाईक परत आलं की काढून द्यायची, एक शब्द न बोलता. आणि धाकटी शेजारी उभी राहून म्हणायची, आमच्या ताईचा हात बघा.

तिला लाज वाटली. मोठी भूत होऊन आली असती तर बरं झालं असतं, असं तिच्या मनात आलं. भुताची भीती तरी वाटते. इथे भीतीसुद्धा हातची गेली आणि राहिलं काय, तर एक चूक, जी सगळ्या आयुष्यात कुणी तिला दाखवली नव्हती. तिला मोठीचा संताप आला. एकदा म्हणायचं होतंस की, धाकटे, तुला मोजता येत नाही. एवढं काय जड होतं? पण संताप टिकला नाही. मोठीने तो अभिमान तिच्याकडे राहू दिला होता आणि त्याची भरपाई एकेका गुंड्याने गुपचूप करत राहिली होती, मेल्यावरसुद्धा. असं कोण करतं कुणासाठी? धाकटीने पदराने तोंड दाबलं आणि तिथेच, उघड्या दुकानात, पोटभर रडली.

आता तर नाव काढून टाकणं तिला अजिबात शक्य नव्हतं. मुलीने फोन ठेवता ठेवता सांगितलं होतं, नाव काढलं की त्या नावाने केलेले नियमही जातात. तुम्हाला हवा तर तोच नियम तुम्ही तुमच्या नावाने पुन्हा लिहू शकता. धाकटीला त्याही स्थितीत हसू आलं होतं. आपली तूट आपणच लिहायची, आणि खाली टीप द्यायची की तिला सांगू नये.

महिनाअखेरीच्या दिवशी तिने मोठीचा फोटो घरून आणला. चांगला मोठा, चौकटीतला. काउंटरवर लोकरीच्या गुंड्यांना टेकवून उभा केला आणि फोनचा कॅमेरा त्याच्यासमोर धरला. पडद्यावर एक गोल आला. गोलात मोठीचा चेहरा आला. गोल हिरवा झाला.

'चेहरा ओळखला. आता पापण्या मिटा.'

धाकटी थांबली. खोटं कशाला सांगा, ती खरंच थांबली. दुपारचं ऊन दारातून फोटोच्या काचेवर पडलं होतं आणि काचेमागे मोठी तिच्याकडे थेट पाहत होती. एक सेकंद, दोन, दहा. बाहेर रस्त्यावर गाड्यांचे आवाज चालू होते. धाकटीच्या तोंडून हळूच निघालं, "मिट ना गं ताई." तिला वाटलं, आता मिटेल. डाव्या पापणीत काहीतरी हललंसुद्धा, की आपल्याच डोळ्यात पाणी आलंय हे तिला कळेना.

'वेळ संपली. आणखी दोन प्रयत्न शिल्लक.'

तिने फोटो पालथा घातला. मग तिने काउंटरचा खण उघडला. मोठीचा चष्मा तिथेच होता, काळ्या जाड काड्यांचा. धाकटीने तो डोळ्यांवर चढवला. नंबर जास्त होता, भिंतींवरच्या लोकरीचे रंग एकमेकांत मिसळून गेले. तिने केस मोठीसारखे मागे घट्ट ओढून बांधले. ओठ मिटले, हनुवटी थोडी वर घेतली, गिऱ्हाइकाला मापायच्या आधी मोठी घ्यायची तशी. दोघींचा चेहरा एकाच साच्याचा, हे सगळे म्हणायचेच. फरक होता तो धाकटीच्या गुबगुबीत गालांचा, आणि ते गाल आठ महिन्यांत बसले होते.

गोल हिरवा झाला. तिने पापण्या मिटल्या, उघडल्या.

'ओळख पटली. धन्यवाद, मोठी.'

धुरकट काचांतून तिला पडद्यावर आपलाच चेहरा दिसत होता, आणि तो तिचा नव्हता. तिने घाईघाईने चष्मा काढला, केस मोकळे केले, तोंडावर पाणी मारलं. मग आपलं नाव उघडून कॅमेऱ्यात पाहिलं.

'चेहरा जुळत नाही.'

तिने दाराजवळ उजेडात जाऊन पाहिलं. चेहरा जुळत नाही. चार वर्षांपूर्वी तो फोटो मोठीनेच काढला होता. काहीतरी फालतू बोलून तिने धाकटीला हसवलं होतं आणि हसतानाच बटण दाबलं होतं. गोल गाल, बारीक झालेले डोळे, सगळे दात बाहेर. धाकटीने तिसऱ्यांदा फोन समोर धरला आणि हसायचा प्रयत्न केला. जितकं जमलं तितकं हसली.

'चेहरा जुळत नाही. धाकटी हे नाव काढण्यात आले आहे. तक्रार असल्यास संपर्क करा.'

तिने मालाचं पान उघडलं. कोण विकतंय, या प्रश्नाखाली आता एकच नाव होतं. नियम अजून तिथेच होता, शब्दन्शब्द. पण तो धाकटीच्या विक्रीवर चालायचा, आणि धाकटी आता काही विकणार नव्हती. म्हणजे फोन वाजणार नव्हता. जे वाचवण्यासाठी तिने हा सगळा खटाटोप केला, तेच हातातून गेलं होतं. एक फोन केला असता, सर्दी झालेल्या मुलीला खरं ते सांगितलं असतं, तर नाव परत मिळालंही असतं. पण मग मोठीच्या नावाचं काय केलंत, हेही तिने विचारलं असतं. धाकटीने फोन काउंटरवर ठेवला, चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि जी खुर्ची आठ महिने रिकामी होती तिच्यावर जाऊन बसली.

संध्याकाळच्या आधी एक बाई आली. वर्ष-दीड वर्षाने एखादी खेप करणारी, मुलाला हॉस्टेलवर स्वेटर पाठवायचा होता. तिला विटकरी रंग आवडला. किती गुंडे लागतील, म्हणून तिने विचारलं.

धाकटीने मुलाच्या छातीचं माप विचारलं, उंची विचारली, पूर्ण बाही की अर्धी ते विचारलं. तिच्या जिभेवर सहा आलं होतं. तिने ते गिळलं.

"सात," ती म्हणाली.

बाई जरा घुटमळली. मग दुकानात इकडेतिकडे बघत म्हणाली, "त्या धाकट्या बाई दिसत नाहीत आज?"

धुरकट काचांतून धाकटीला तिचा चेहरा नीट दिसत नव्हता, पण ती थट्टा करत नव्हती. ती वाट पाहत होती, दुसरी बाई आतून येईल आणि एक कमी सांगेल म्हणून.

"ती गेली," धाकटी म्हणाली. "आठ महिने झाले."

"अरेरे. मला माहीतच नव्हतं हो." बाईने काउंटरवरचा तिचा हात धरला. "फार चांगल्या होत्या. कधी कुणाला जास्तीचं गळ्यात मारायच्या नाहीत."

"हो," धाकटी म्हणाली. "जीव लावायची माणसांना. फक्त मोजायला कच्ची होती."

बाईने मान हलवली आणि थोडा वेळ हात तसाच धरून ठेवला. मग तिने फोन काढला. धाकटीने भिंतीवरून विटकरी गुंडे काढले, प्रत्येकाच्या पट्टीवरचा लॉट डोळ्याजवळ नेऊन वाचला आणि एकेक करून सातही पिशवीत भरले.